फ्रेकलटन विमान अपघात
फ्रेकलटन विमान अपघात : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील फ्रेकलटन (लँकाशर परगणा) या खेड्यात २३ ऑगस्ट १९४४ रोजी झालेला विमान अपघात. अमेरिकी भूसेनेच्या हवाई दलाचे बी-२४ लिबरेटर जातीचे बाँबफेकी विमान चाचणी-उड्डाणावर असताना गडगडाटी वादळात सापडून गावावर कोसळले. त्यात ६१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ३८ गावच्या शाळेतील लहान मुले होती. युद्धकाळात ब्रिटनमध्ये झालेल्या लष्करी विमानांच्या अपघातांत नागरी प्राणहानीच्या दृष्टीने हा अत्यंत भीषण अपघात मानला जातो.

पार्श्वभूमी : फ्रेकलटन हे रिबल नदीच्या मुखाजवळ, प्रेस्टन शहराच्या पश्चिमेस वसलेले खेडे. त्याला लागूनच वॉर्टन येथे अमेरिकी हवाई दलाचे मोठे विमान-आगार होते. अमेरिकेहून आलेल्या विमानांची जुळणी, दुरुस्ती व फेरफार तेथे होत असत. युद्धसमाप्तीपर्यंत दहा हजारांहून अधिक विमाने या आगारातून बाहेर पडली. प्रत्येक विमान आघाडीवरील पथकाकडे सोपविण्यापूर्वी त्याचे चाचणी-उड्डाण करावे लागे. त्यामुळे गावावरून विमानांची सतत ये-जा चाले.

अशी उड्डाणे धोक्याची होती. प्रत्यक्ष लढाईइतकी नसली, तरी प्रशिक्षण व चाचणी यांतही फार मोठी प्राणहानी झाली. ब्रिटनच्या बाँबफेकी दलाचेच सु. ५,३०० वैमानिक व कर्मचारी प्रशिक्षणातील अपघातांत मरण पावले. या हानीची झळ क्वचित नागरिकांनाही पोहोचे. फ्रेकलटनपासून जवळच असलेल्या ब्लॅकपूल या शहरावर २७ ऑगस्ट १९४१ रोजी टेहळणीचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे बोथा विमान व डिफायंट हे लढाऊ विमान यांची टक्कर होऊन अवशेष मध्यवर्ती रेल्वे स्थानकावर पडले आणि तेथील प्रवासी त्यात बळी पडले.

घटनाक्रम : २३ ऑगस्ट १९४४ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास वॉर्टनहून दोन लिबरेटर विमानांनी उड्डाण केले. थोड्याच वेळात बर्टनवुड येथील तळाकडून तीव्र वादळाची सूचना दूरध्वनीने मिळाली व दोन्ही विमानांना परत उतरण्याचा आदेश देण्यात आला. ती धावपट्टीकडे वळेपर्यंत मुसळधार पाऊस व सोसाट्याचा वारा सुरू होऊन दृश्यता जवळजवळ नाहीशी झाली होती. दुसरे विमान उतरण्याचा प्रयत्न सोडून उत्तरेकडे निघून गेले व वाचले. पहिले विमान मात्र अगदी खालून उडत गावावर आले. त्याचा पंख प्रथम झाडांना व नंतर इमारतीला धडकला. विमानाचा सांगाडा घरे व एक उपाहारगृह उद्ध्वस्त करीत रस्त्यापलीकडे घसरत गेला आणि पेटलेले इंधन होली ट्रिनिटी शाळेच्या बालवर्गावर पसरले.

पावणेअकराच्या सुमारास वर्ग भरलेले होते. बालवर्गातील मुले चार ते सहा वर्षांची होती. त्यांपैकी केवळ तिघे भाजलेल्या अवस्थेत वाचले. त्यांच्या दोन शिक्षिकाही मरण पावल्या. विमानातील तिघेही ठार झाले. उपाहारगृहात अमेरिकी सैनिक, ब्रिटिश हवाई दलाचे कर्मचारी व काही नागरिक बळी पडले. २६ ऑगस्टला चर्चच्या आवारात मृतांचे दफन करण्यात आले. मुलांच्या शवपेट्या तळावरील अमेरिकी सैनिकांनीच वाहून नेल्या. पॅरिस आदल्याच दिवशी मुक्त झाले होते व वृत्तपत्रांचे रकाने त्या वार्तांनी भरले होते.

चौकशी व निष्कर्ष : विमानाचे अवशेष जळून गेल्यामुळे अपघाताचे कारण निश्चित करता आले नाही. वादळाच्या आघाताने विमानाच्या रचनेत बिघाड झाल्याची शक्यताही नाकारता आली नाही. तथापि वैमानिकाला वादळाच्या तीव्रतेची कल्पना वेळीच आली नसावी, असे मत चौकशीत व्यक्त झाले. ब्रिटनमधील वादळे म्हणजे किरकोळ सरी, असा समज अमेरिकेतून आलेल्या अनेक वैमानिकांत रूढ होता. म्हणून ब्रिटनमधील गडगडाटी वादळांच्या धोक्याची जाणीव वैमानिकांना आवर्जून करून द्यावी, अशी शिफारस करण्यात आली. याचा अर्थ असा की, दोष केवळ एका व्यक्तीच्या निर्णयाचा नव्हता. स्थानिक हवामानाचे ज्ञान न देता वैमानिकांना परक्या आकाशात पाठविणारी शिक्षणपद्धतीही अपुरी होती.

त्या काळी गडगडाटी मेघांची अंतर्गत रचनाही पुरेशी ज्ञात नव्हती. अमेरिकेत हॉरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली १९४६-४७ मध्ये विमाने थेट अशा मेघांत नेऊन त्यांतील ऊर्ध्वगामी व अधोगामी प्रवाहांचे मापन करण्यात आले. जमिनीलगत पसरणाऱ्या प्रबळ अधोगामी झोतामुळे उतरणारे विमान कसे कोसळू शकते, याचा उलगडा टेत्सुया फुजिता यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. १९४४ मधील वैमानिकाला यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते.

स्मृती : तळावरील अमेरिकी सैनिकांनी गावातील मुलांसाठी क्रीडांगण व स्मृत्युद्यान तयार केले, ते ऑगस्ट १९४५ मध्ये खुले झाले. स्मारक-सभागृह मात्र १९७७ मध्ये उभे राहिले. युद्धाच्या इतिहासात लढाया व त्यांतील मृतांची नोंद सविस्तर होते. युद्धाच्या तयारीत, शत्रूची गोळी न लागता मेलेल्यांना त्यात क्वचितच स्थान मिळते. आघाडीपासून दूर असलेल्या नागरी वस्तीलाही युद्धयंत्रणेच्या निव्वळ सान्निध्याची किती किंमत मोजावी लागते, हे या घटनेवरून दिसून येते.