अंगावर घालायचा रोबो: एक्सोस्केलेटन अजून सर्रास का दिसत नाही?

व्हीलचेअरवर बसलेली व्यक्ती पायांना यंत्र बांधून उभी राहते आणि चालू लागते, असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. या यंत्राला एक्सोस्केलेटन म्हणतात, म्हणजे शरीराबाहेरचा सांगाडा. तो पट्ट्यांनी अंगाला बांधतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या मोटर सांधे हलवतात. मग ही यंत्रं रस्त्यावर का दिसत नाहीत? कारण मोटरला ताकद देणं सोपं आहे, पण माणसाच्या शरीराशी जुळवून घेणं अवघड आहे.

वजन

1960च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 'हार्डिमन' नावाचा यांत्रिक पोशाख बनवायला घेतला. त्याचं स्वतःचं वजनच सुमारे 680 किलो होतं. त्याचा एकच हात नीट चालवता आला. आजची यंत्रं खूप हलकी आहेत, पण पेच तोच आहे. जास्त वेळ चालायचं तर मोठी बॅटरी हवी आणि मोठी बॅटरी म्हणजे जास्त वजन. त्यातही पावलाजवळ बांधलेलं वजन कमरेवरच्या वजनापेक्षा जास्त दमवतं.

मनातलं ओळखणं

पाऊल कधी टाकायचं, हे यंत्राला कसं कळणार? जपानच्या 'हॅल' या यंत्राचे सेन्सर त्वचेवरून स्नायूंचे विद्युत संकेत टिपतात. पण मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल, तर पायापर्यंत संकेत पोहोचतच नाहीत. म्हणून 'रिवॉक'सारख्या यंत्रात वरचं शरीर किंचित पुढे झुकवलं की पाऊल पडतं.

तोल

रिवॉकला 2014 मध्ये अमेरिकेत घरगुती वापरासाठी मंजुरी मिळाली. त्याचे जनक इस्रायली अभियंता अमित गॉफर 1997 मधल्या अपघातानंतर व्हीलचेअरवर आले. पण त्यांना स्वतःलाच रिवॉक वापरता येत नव्हतं. तोल सांभाळायला कुबड्या लागतात आणि अपघातात त्यांच्या हातांची ताकदही गेली होती.

वेगही कमी असतो. कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्यांवर झालेल्या अभ्यासांत हा वेग सरासरी सेकंदाला सुमारे पाव मीटर दिसला. म्हणजे 12 मीटर रुंद रस्ता ओलांडायला पाऊण मिनिट लागेल. एरवी आपण तो नऊ-दहा सेकंदांत ओलांडतो.

माप

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. वाकताना त्याच्या फिरण्याचं केंद्र थोडं सरकतं. यंत्राचा सांधा त्याच्याशी जुळला नाही, तर पट्टे त्वचेला घासतात. पायांत संवेदना नसेल तर झालेली जखम कळतही नाही. बरीच वर्षं पायांवर भार न पडल्याने हाडंही ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे फ्रॅक्चरचा धोका असतो.

रिवॉक साधारण 160 ते 190 सेंटीमीटर उंचीच्या लोकांसाठी बनलं. भारतीय महिलांची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर आहे. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक महिला या मापात बसतच नाहीत.

पैसा आणि दुरुस्ती

अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने 2024 मध्ये अशा यंत्रासाठी सुमारे 91 हजार डॉलर दर ठरवला. विकत घेतल्यावरही प्रश्न संपत नाही. त्याच वर्षी तिथल्या एका माजी जॉकीचं यंत्र बॅटरीच्या छोट्याशा बिघाडामुळे बंद पडलं. यंत्र पाच वर्षांहून जुनं असल्याचं सांगून कंपनीने दुरुस्ती नाकारली. बातम्या झाल्यावरच ते दुरुस्त झालं.

मग उपयोग काय?

फिजिओथेरपी केंद्रांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पक्षाघातानंतर चालण्याचा सराव करायला ही यंत्रं वापरली जातात. दिवसभराच्या वावरासाठी मात्र बहुतेकांना आजही व्हीलचेअरच सोयीची पडते. म्हणून व्हिडिओ पाहून घरच्या माणसाला आशा दाखवण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: हातांत कुबड्या धरण्याइतकी ताकद आहे का, हाडं भार सोसतील का, उंची मापात बसते का आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?