दिनविशेष : २० नोव्हेंबर
तबकडीवरून मैफलीत

१९७७ : हॉलिवूड बोलच्या खुल्या प्रेक्षागृहात ‘स्टार वॉर्स’च्या पार्श्वसंगीताची मैफल झाली. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संचालन करत होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता.

सहा महिन्यांपूर्वी, २५ मे रोजी, चित्रपट झळकला होता. जॉन विल्यम्स यांचे संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने मार्चमध्ये लंडनजवळच्या डेनहॅम इथे ध्वनिमुद्रित केले होते. त्याचा दोन तबकड्यांचा अल्बम निघाला. सव्वा तासाच्या आसपास निव्वळ वाद्यवृंद! आपल्याकडे चित्रपटाची तबकडी म्हणजे गाणी. पार्श्वसंगीतासाठी कुणी खिशात हात घालत नसे. अमेरिकेत मात्र हा अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि दहा लाखांवर खपला. तेव्हा हा सिनेमा घरी पाहायला व्हिडिओवर मिळत नव्हता. तबकडी लावायची आणि डोळे मिटून अख्खा सिनेमा पुन्हा पाहायचा, हीच चाहत्यांची सोय. गंमत म्हणजे विल्यम्स यांनी तुकड्यांचा क्रम सिनेमाप्रमाणे ठेवलाच नव्हता, ऐकायला रंगेल तसा लावला होता. १९७८ मध्ये ऑस्कर त्यांनाच मिळाले.

चाहत्यांची भूक एवढ्यावर भागली नाही. १९९७ मध्ये दोन सीडींचा वाढीव संच आला, तेव्हा त्यात शीर्षकसंगीताचे ध्वनिमुद्रणावेळचे वेगवेगळे टेकही होते, तेही यादीत न छापता लपवून ठेवलेले. असली चैन अट्टल चाहत्यांनाच परवडते.