फॉरवर्ड करता येतं, पण खात्री करायला कोण शिकवणार?

मंडळी, आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा इतिहास आज पुन्हा आठवण्यासारखा आहे. हे विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. ज्यांना रोज कॉलेजात येणं जमत नाही, त्यांच्यापर्यंत पुस्तकं आणि ध्वनिफिती पोहोचवायच्या होत्या. पण नुसतं साहित्य पाठवून भागत नाही, हेही तेव्हाच ओळखलं गेलं. म्हणून ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रं आली, शंका सोडवणारे समंत्रक आले. साधनाबरोबर ते वापरायला शिकवणारा माणूसही दिला. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

मग मोबाइल आला. वर्गाचा ग्रुप, विभागाचा ग्रुप, परीक्षेच्या सूचना, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. साधन खिशात आलं, शिकवणारा माणूस मात्र आलाच नाही.

याची किंमत आपल्या शेजारी मोजली गेली. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरत होती. जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या ५ जणांना ठेचून मारलं. त्याच रात्री आपल्या जिल्ह्यात, मालेगावात, अशाच संशयावरून जमावाने काही जणांना घेरलं. पोलिसांनी त्यांना सोडवलं म्हणून ते वाचले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी ५ चॅटनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. पण खरं-खोटं ओळखणं मर्यादेने येत नाही, ते शिकावं लागतं.

जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने उच्च शिक्षण संस्थांना 'सोशल मीडिया चॅम्पियन' नेमायला सांगितलं. काम काय, तर संस्थेच्या चांगल्या गोष्टी पसरवायच्या. म्हणजे पुन्हा पसरवणंच! त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'जीवन कौशल्य' अभ्यासक्रमात सोशल मीडियाचा वापर आणि नीतिमत्ता हे विषय आले, ही जमेची बाजू.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक कॉलेजने वर्षाच्या सुरुवातीला दोन तास द्यावेत. बातमी मुळात कुठली, फोटो कधीचा, दुसऱ्याचा नंबर ग्रुपवर टाकावा का, एवढंच शिकवावं. आणि विद्यार्थ्यांसोबत प्राध्यापक, कार्यालयातले कर्मचारी यांनाही बसवावं. सरांनी पाठवलेला मेसेज मुलं न तपासता खरा मानतात.

तुमच्या घरातलं कोणी कॉलेजात असेल तर जरूर विचारा: हे तुम्हाला कोणी शिकवलं का?