जामीनकीचा परदेशप्रवास

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनवला गेला, आणि मध्य प्रांतातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही मालगुजारी पद्धत नांदली. मालगुजार म्हणजे जमिनीवर मालकी हक्क मिळालेला आणि त्याबदल्यात संपूर्ण गावाचा महसूल सरकारात भरण्यास बांधलेला जमीनदार, म्हणजे एका अर्थाने गावाचा जामीनच होता. ही पद्धत १९५० च्या कायद्याने संपली, परंतु जामीनकीचा व्यवहार टिकला, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याने त्याला आधीच निश्चित रूप दिले होते: कलम १२८ प्रमाणे जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते आणि कलम १४६ प्रमाणे एकाच कर्जाचे अनेक जामीनदार आपसांत तो भार सारखा वाटून घेतात.

अमेरिकेत स्थायिक नातेवाइकाकडे कायमचे राहायला जाणाऱ्याला आज कधी कधी लागणारा सहप्रायोजक, म्हणजे त्या नातेवाइकाबरोबर पोषणाची हमी देणारा दुसरा माणूस, हा या जामीनदाराचाच दूरचा भाऊबंद असला, तरी त्याची कुळकथा निराळी आहे. सरकारी मदतीवर भार होण्याची शक्यता असलेल्या परक्याला प्रवेश नाकारावा, हे तत्त्व अमेरिकेने १८८२ च्या कायद्यात घातले. भारतीयांसाठी तर १९१७ च्या कायद्याने दारच बंद केले, १९४६ मध्ये ते वर्षाला शंभर जणांपुरते किलकिले झाले आणि १९६५ नंतरच कुटुंबांची वाट खुली झाली. नातेवाईक तेव्हा पोषणाची हमी देणारे शपथपत्र लिहून देत, पण न्यूयॉर्क व मिशिगनच्या न्यायालयांनी १९५० च्या दशकातच ते केवळ नैतिक बंधन ठरवले होते. १९९६ च्या कायद्याने ही ढिलाई संपवली आणि १९ डिसेंबर १९९७ पासून हे शपथपत्र न्यायालयात वसूल होऊ शकणारा करार बनले.

अर्ज करणाऱ्या नातेवाइकाचे उत्पन्न ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत पोहोचत नसेल तर सहप्रायोजक शोधावा लागतो. तो नात्यातला असण्याची गरज नाही, मात्र अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी आणि तेथेच राहणारा असला पाहिजे. सरकारच्या दृष्टीने दोघांपैकी प्रत्येकजण पूर्ण रकमेला बांधील असतो. उत्पन्नातील तूट मालमत्तेने भरता येते, पण ती मालमत्ता वर्षभरात रोख होण्याजोगी व सामान्यतः तुटीच्या पाचपट असावी लागते, आणि बालाघाटातील वारासिवनी-लांजीकडच्या धानशेतकऱ्याची अडचण येथेच सुरू होते; खसऱ्यावर भावाभावांची नावे असलेली सामाईक शेती एकट्याच्या सहीने विकली जात नाही, आणि आदिवासी खातेदाराची जमीन तर मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, १९५९ च्या कलम १६५ मुळे बिगर-आदिवासीला सहजी विकताच येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पत मिळवून देणारी जमीन मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत अशी मुकी ठरते, आणि भिस्त परदेशातील एखाद्या पगारदारावर येऊन पडते.

अशी हमी मागणाऱ्या कुटुंबाने सही घेण्याआधी त्या पगारदाराला संपूर्ण मुदत सांगितली पाहिजे, कारण हे बंधन स्थलांतरित व्यक्ती नागरिक होईपर्यंत, सुमारे दहा वर्षांच्या कामाइतक्या चाळीस तिमाह्या तिच्या नावे जमा होईपर्यंत, ती कायम रहिवासाचा हक्क सोडून देशाबाहेर जाईपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत चालते, आणि घटस्फोटानेही ते सुटत नाही.