शनिवारची पायपीट आणि इंडियानाच्या वाळूच्या टेकड्या

मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला, इंडियाना राज्याच्या किनाऱ्यावर, वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांची रांग आहे. तिच्यामागे दलदल, पाणथळ खोलगटी आणि ओकचे रान. फेब्रुवारीअखेरीपासून मार्चपर्यंत या मुलखात बर्फ धड टिकत नाही आणि धड जातही नाही. मातीच्या शेतांत खालची जमीन गोठलेली असल्याने वितळलेल्या पाण्याला मुरायला वाट मिळत नाही आणि सगळीकडे राडा होतो. वाळूत मात्र पाणी चटकन मुरते. त्यामुळे टेकडीची उन्हाकडची बाजू चालण्याजोगी असते, उत्तर उतारावर भुसभुशीत बर्फ टिकून असतो आणि मधल्या खोलगटीत पाऊल बर्फमिश्रित चिखलात घोट्यापर्यंत रुतते. अशा अडनिड्या ऋतूतही इथे गटागटाने हिंडण्याची प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे.

तिची सुरुवात शिकागोत झाली. १९०८ मध्ये शहरातील क्रीडांगणे वाढावीत म्हणून झटणाऱ्या संघटनेने ‘शनिवार दुपारच्या पदयात्रा’ सुरू केल्या. डेन्मार्कहून आलेले उद्यानरचनाकार येन्स येन्सेन आणि वास्तुविशारद ड्वाइट पर्किन्स यांचा त्यात पुढाकार होता. कारखान्यांच्या धुरात राहणाऱ्यांना शहराबाहेरची प्रेअरी, नदीकाठ आणि जंगल पायी दाखवावे, एवढाच साधा हेतू. त्याच वर्षी किनाऱ्यालगतची विजेवरची रेल्वे धावू लागली आणि टेकड्या शहरवासीयांच्या आवाक्यात आल्या. १९११ मध्ये या मंडळींनी ‘प्रेअरी क्लब’ची रीतसर नोंदणी केली, तर १९१३ मध्ये ट्रेमाँटजवळ सरोवराकाठी स्वतःचे ‘बीच हाउस’ बांधले. मुक्कामाची सोय झाल्यावर हिवाळ्यातल्या सहलींनाही बळ मिळाले.

क्लबच्या सदस्यांत शिकागो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स होते. १८९९ मध्ये त्यांनी याच टेकड्यांवरील वनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सरोवराच्या काठाकडून आत चालत गेले की आधी गवत, मग कॉटनवुड, पाईन, काळा ओक अशी झाडी बदलत जाते. काठाजवळची टेकडी नवी, आतली जुनी, म्हणजे एका दुपारच्या चालीत शेकडो वर्षांचा बदल पाहायला मिळतो. परिसंस्थाशास्त्राचा पाया घालणाऱ्या अभ्यासांत या कामाची गणना होते, आणि त्याची पडताळणी करायला पायांशिवाय दुसरे साधन लागत नाही.

हिवाळा सरताना तर आणखी एक नवल दिसते. दलदलीत ‘स्कंक कॅबेज’ ही अळू-सुरणाच्या कुळातील वनस्पती बर्फातूनच वर येते. तिचा जांभळट, ठिपकेदार कोश आधी उगवतो, पाने नंतर. मुळांत साठवलेला पिष्टमय पदार्थ जाळून आतले कणीस ऊब निर्माण करते. बाहेर पारा शून्याजवळ असतानाही कणसाचे तापमान वीस अंशांच्या आसपास राहते आणि कोशाभोवतीचा बर्फ वितळून वाटोळा खळगा पडतो. तिला सडक्या मांसासारखा दर्प असतो. या दिवसांत जागे झालेले मोजके कीटक त्यावर येतात. सरोवराच्या काठावरचे दृश्य मात्र फसवे. लाटांनी ढकललेल्या बर्फाचे तिथे कट्टे साचतात, त्यांच्यात पोकळ्या असतात आणि वरून ते घट्ट जमिनीसारखे दिसतात. त्यावर पाय ठेवू नये, ही इथली पहिली सूचना.

या चालणाऱ्यांचे राजकीय वजन लवकरच दिसले. टेकड्यांना धोका होता तो उद्योगांचा. १९०६ मध्ये शेजारीच गॅरी हे पोलादनगर वसवले गेले होते. मिशिगन सिटीजवळची ‘हूजियर स्लाइड’ ही प्रचंड टेकडी काचेच्या बरण्या बनवण्यासाठी उपसून १९२० च्या सुमारास भुईसपाट झाली. ३० ऑक्टोबर १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान सेवेचे स्टीफन मॅथर यांनी टेकड्यांचे राष्ट्रीय उद्यान करावे का, यावर शिकागोत सुनावणी घेतली. काउल्स, येन्सेन आणि क्लबची माणसे तिथे टेकड्यांच्या बाजूने बोलली, विरोधात कोणीच उभे राहिले नाही. पण पुढच्या वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि राष्ट्रीय उद्यानाचा विषय मागे पडला. पदरात पडले ते १९२६ मध्ये खुले झालेले राज्य उद्यान. त्यात किनाऱ्याचा जेमतेम तीन मैलांचा पट्टा वाचला.

उरलेल्यासाठीचा लढा पुन्हा उभा राहिला तो १९५२ मध्ये डोरोथी ब्यूएल यांनी स्थापन केलेल्या ‘सेव्ह द ड्यून्स कौन्सिल’मुळे. सिनेटर पॉल डग्लस यांनी तो वॉशिंग्टनमध्ये नेला. १९६६ मध्ये राष्ट्रीय सरोवरकिनारा घोषित झाला, पण तो तडजोडीचा होता. बदल्यात इंडियानाला बंदर मिळाले. त्याआधीच बर्न्स हार्बर इथे पोलाद कारखान्यासाठी मधल्या टेकड्या सपाट झाल्या होत्या आणि त्यांतली बरीच वाळू इव्हान्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने सरोवरात भराव घालण्यासाठी विकत घेतली होती. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा फेब्रुवारी २०१९ मध्ये मिळाला. मॅथर यांच्या सुनावणीला तेव्हा १०२ वर्षे झाली होती.