कळण्याची भाकरी आणि मनाचे आरोग्य

खांडव्याहून बऱ्हाणपूरकडे येताना चांदनीचा परिसर लागतो. खानदेशाला लागून असलेला हा मुलूख पूर्वापार कापसाचा नि ज्वारीचा. ज्वारीबरोबर उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी ही खानदेशी जेवणातील जुनी वस्तू. उडीद चवीसाठी घालतात अशी आपली समजूत. परंतु त्याचे खरे मोल एका रोगाच्या इतिहासात दडलेले आहे.

त्या रोगाचे नाव पेलाग्रा. १७३५ साली स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी मक्यावर जगणाऱ्या दरिद्री शेतकऱ्यांत तो ओळखला. उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन काळवंडते, तोंड येते, जुलाब हटत नाहीत. मग झोप उडते, मन खचते आणि शेवटी भ्रम होतो. तीन निरनिराळ्या वैद्यांकडे न्यावीत अशी ही दुखणी, पण मूळ एकच. अमेरिकेत पुष्कळ जण तो संसर्गजन्य मानीत, आणि कित्येक रोगी वेड्यांच्या इस्पितळात खितपत पडत. १९१५ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतील ११ कैद्यांना शिक्षामाफीच्या बोलीवर मुख्यतः मका-भाताच्या निकृष्ट आहारावर ठेवले. ६ जणांस पेलाग्रा झाला. असला सौदा आज कोणी खपवून घेणार नाही. उणीव निकोटिनिक आम्लाची, हे १९३७ साली कोनराड एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांतून कळले.

दख्खनमधील कोडे अधिक अवघड होते. ज्वारीत हे आम्ल अगदीच कमी नसते. तरीही हैदराबादच्या आसपास केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग आढळे. १९६० साली डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्यूसीनच्या आधिक्याकडे बोट दाखविले. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. निर्विवाद इतके, की डाळ-दुधाला मुकलेल्या ताटावाटेच हा रोग घरात शिरे.

शरीर निकोटिनिक आम्ल ट्रिप्टोफॅन या प्रथिनघटकापासूनही बनविते. मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिनही त्याचेच, आणि शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यांतच तयार होते. ट्रिप्टोफॅन कमी पडले की आतड्यांतील जंतूंचा समतोल ढळून दाह वाढतो, असे २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले.

उडदात ट्रिप्टोफॅन ज्वारीहून बरेच अधिक असते. मात्र डाळ महागली की गरिबाघरी पहिली कात्री त्यावरच चालते. भाकरी तेवढी उरते, कळणा जातो.