कटिस्नानाची कुळकथा

सेवाग्राम आश्रमात कुणी आजारी पडले की गांधीजींचा पहिला सल्ला बहुधा ठरलेला असे: पोटावर मातीची पट्टी ठेवा आणि कटिस्नान घ्या. टबात बेंबीपर्यंत पाणी घ्यायचे, मागे रेलून बसायचे, पाय आणि छाती कोरडी ठेवायची आणि मऊ फडक्याने ओटीपोट हलके चोळत राहायचे. एवढीच कृती. वर्ध्याच्या काळ्या मातीत ती इतकी मुरली, की अनेकांना ती आपल्या आजीच्या बटव्यातलीच वाटते. पण तिचे माहेर युरोपात आहे.

युरोपात पाण्याने बरे होण्याची चाल जुनी. आल्प्समधल्या बाड गास्टाइनसारख्या गावी श्रीमंत मंडळी उन्हाळा काढायला जात. सकाळी झऱ्यात डुंबायचे, दुपारी डोंगरात फेरफटका मारायचा, संध्याकाळी संगीत ऐकायचे. सुभाषबाबूही प्रकृतीसाठी तिथे राहिले आणि डिसेंबर 1937मध्ये आत्मचरित्राची प्रकरणे त्यांनी तिथेच लिहिली. गास्टाइनचे पाणी जमिनीतून सुमारे 46 अंश सेल्सियसला बाहेर येते. मे महिन्यात वर्ध्याची हवाच त्या आकड्याला भिडू पाहते! अशा गावांची सारी महती त्या एका झऱ्यात. झरा तिथेच, म्हणून रोग्यानेही तिथेच जायचे, आणि तिथे जायला पैसा लागायचा.

ही अट पहिल्यांदा मोडली ती व्हिन्सेंट्स प्रिसनिट्स या सिलेशियातल्या शेतकऱ्याने. त्याच्या ग्रेफेनबर्गला गरम झरा नव्हता. डोंगरातल्या साध्या थंड पाण्यावर, ओल्या पट्ट्यांवर आणि कष्टाच्या कामावर त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोग्यांची रीघ लावली. पुढे आल्प्सच्या पायथ्याकडच्या बव्हेरियात सेबास्टियान क्नाइप या पाद्र्याने हेच काम वाढवले. तरुणपणी छातीच्या दुखण्याने खंगला असताना तो बर्फगार डॅन्यूबमध्ये डुबक्या मारून सावरला होता. त्याचे जलोपचाराचे पुस्तक 1886मध्ये आले आणि त्याचे वोरिसहोफेन हे खेडे यात्रास्थळ झाले.

तरीही रोग्याला गाव गाठावे लागतच होते. लुई कूने याने ती गरजही संपवली. सुतारकामातून कारखानदार झालेल्या या माणसाने 1883मध्ये लाइपझिग शहरात उपचारगृह काढले. ना डोंगर, ना झरा. नुसता टब आणि नळाचे पाणी. सर्व रोग मुळात एकच, शरीरात साचलेली घाण हे त्याचे कारण आणि कटिस्नान व घर्षणस्नान हा त्यावरचा उपाय, असे त्याचे म्हणणे. त्याचे पुस्तक भारतात लवकर पोहोचले. तेलुगू भाषांतर 1894मध्ये आले, हिंदी-उर्दू 1904मध्ये.

गांधीजींनी कूने दक्षिण आफ्रिकेत वाचला. मातीचे उपचार त्यांनी आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाकडून घेतले. खरी कसोटी लागली 1902मध्ये, मुंबईत गिरगावात. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, मणिलालला, विषमज्वर आणि न्यूमोनिया झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप सुचवले. गांधीजींनी ते नाकारून कूनेच्या पद्धतीने तीन-तीन मिनिटांची कटिस्नाने दिली, पाणी घातलेला संत्र्याचा रस दिला आणि ताप 104 अंश फॅरनहाइटवर गेला तेव्हा ओल्या चादरीत मुलाला गुंडाळले. मुलगा वाचला. मात्र ही देवाची कृपा, की पाण्याचा गुण, की शुश्रूषेचा, हे कुणी सांगावे, असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी आत्मकथेत दाखवला.

1936मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. 1940मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले. डॉक्टर परवडत नाही अशा खेड्यात त्यांना असाच उपचार हवा होता, ज्याचे सामान घरात असते. 1942मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली आणि त्यात माती, पाणी व कटिस्नान यांची रीत साध्या शब्दांत मांडली. 1946मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचाराचा आश्रम उभारला. श्रीमंतांची सहल म्हणून गाजलेला उपचार हा असा खेड्याच्या ओसरीवर आला.

पण कूनेचा ‘सर्व रोग एक’ हा सिद्धांत टिकणारा नव्हता. खुद्द गांधीजींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया 1924मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात झाली. सप्टेंबर 1936मध्ये शेगावात हिवताप झाला, तेव्हा त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात ठेवावे लागले. सेवाग्रामनेही टबावर सारी भिस्त ठेवली नाही. तिथे कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि 1969मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. थकल्या अंगाला आराम हवा असेल तर कटिस्नान जरूर घ्यावे. ताप उतरत नसेल तर दवाखाना गाठावा.